खाडीअलीकडचे चार रविवार

१९७० साली महाराष्ट्रात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं माझ्याखेरीज कुणाला वाटत नसावं. १७ मार्चला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर नवं शहर वसवायचं काम सुरू झालं. मग २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, उभी राहिली. तो रविवार होता, आणि रविवारही साधा नव्हे. नाताळाआधी जे चार रविवार ख्रिस्ती लोक वाट पाहण्यासाठी राखून ठेवतात, त्यांतला पहिला. गंमत अशी, की त्या दिवशी एकत्र आलेल्यांपैकी काहींच्या परंपरेत असा रविवार मुळात नव्हताच. आमच्या अहमदनगरकडच्या मंडळ्या त्यांतल्याच.

मी नेरुळला राहते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. घरात सूनबाई वसईची, कॅथलिक. समोरच्या दारात मल्याळी चेची. त्यामुळे डिसेंबर लागला की आमच्या एका मजल्यावर तीन तऱ्हांनी वाट पाहणं चालतं, आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. मी मास्तरीणबाई असल्यामुळे हे कुठून आलं ते शोधत बसते.

आमच्या बाजूचं आधी सांगते. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे अमेरिकेतून मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. १८३१ मध्ये मिशन नगरला पोचलं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघू लागला. पण हे लोक ज्या न्यू इंग्लंडमधून आले होते, तिथल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. शास्त्रात सांगितलेला नाही तो सण माणसांनी का करावा, असा त्या प्युरिटनांचा सरळ हिशेब. पुढे दंड गेला तरी रीत राहिली. नाताळची सरकारी सुट्टी तिथे मिळाली ती १८५६ मध्ये. म्हणजे नगरला मिशन येऊन पंचवीस वर्षं झाली तेव्हा कुठे मिशनऱ्यांच्या मुलखात नाताळला कचेऱ्या बंद राहू लागल्या. अशांच्या तोंडून सुवार्ता ऐकलेल्या माणसांना जांभळा रंग नि चार मेणबत्त्या कुठून माहीत असणार?

माझी आजी राहुरी तालुक्यातली. तिचा नाताळ म्हणजे घर सारवणं, करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, नवं लुगडं आणि रात्रभर भजन. त्याआधीचे चार रविवार तिला चार रविवारच होते. पण वाट पाहणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पाळकसाहेब वर्षातून कधीही प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर बोलत आणि आजी ते अगदी खरंच धरून चाले. ती ‘शेवट’ हा शब्द घाबरून उच्चारत नसे. आम्ही पोरं भांडत असलो, कुणी गूळ चोरला असला, की म्हणायची, “आत्ता या घटकेला प्रभू आला तर काय सापडंल त्याला ह्या घरात?” गुळाची वाटी निमूट परत जायची. मला पुष्कळ वर्षं वाटायचं, की ही पोरांना धाक घालायची युक्ती. पण मोठ्या माणसांच्या भांडणातही ती हेच विचारायची, आणि स्वतःलाही.

खरं तर आगमनकाळाचा, म्हणजे त्या चार रविवारांचा, मूळ विषय तोच आहे. मॉलवाल्यांना वाटतं हा काळ बाळाच्या गोठ्यासाठी आहे. नोव्हेंबर संपायच्या आत वाशीपासून सीवूड्सपर्यंत झाडं, बर्फ आणि लाल टोप्या. पण पहिल्या रविवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचतात त्यात ना बाळ, ना मेंढपाळ. त्यात जगाचा शेवट आहे, जागे राहा असं बजावणं आहे, चोर रात्री कधी येईल ते घरधन्याला ठाऊक नसतं असा इशारा आहे. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या बर्नार्डनं तीन आगमनं सांगितली: पहिलं देहात, झालेलं, शेवटचं वैभवात, व्हायचं, आणि मधलं, गुपचूप, माणसाच्या अंतःकरणात, रोज. पापावरचा शेवटचा विजय शेवटच्या खुणेच्या दगडापाशी आहे आणि आपण सगळे मधल्या वाटेवर.

हा काळ एकदम ठरून आलेला नाही. ३८० साली स्पेनमधल्या झारागोझाच्या परिषदेनं १७ डिसेंबर ते ६ जानेवारीपर्यंत कुणी चर्चला दांडी मारू नये असं ठरवलं. पाचव्या शतकात फ्रान्समध्ये तूरचे बिशप पर्पेटुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्याचे तीन दिवस उपास लावला. रोममध्ये पुढे त्याचे चार रविवार झाले. उपास हळूहळू सुटला, जांभळी वस्त्रं राहिली. सूनबाई मला चिडवते, की तुमच्याकडे ना उपास ना वस्त्रं. मी म्हणते, आमच्याकडे आजी होती.

चार मेणबत्त्यांचं वर्तुळ तर फारच अलीकडचं, आणि कॅथलिकांना हे ऐकून जरा धक्का बसतो, पण ते आहे प्रोटेस्टंट. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिख विकर्न नावाचे पाळक रस्त्यावरच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीचं जुनं चाक आणलं, त्यावर रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक लावायला सुरुवात केली. दिवस मोजायला शिकवण्याचं साधन होतं ते. आज सूनबाईच्या चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी मेणबत्ती लागते, तेव्हा हॅम्बुर्गच्या पोरांची आठवण कुणाला येत नाही, आणि यायलाच हवी असंही नाही.

वसईचं ख्रिस्तीपण आमच्याहून पुष्कळ जुनं. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगिजांना दिली. नाताळाच्या दोन दिवस आधी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पण उत्तर वसईतल्या कॅथलिक गावांनी श्रद्धा सोडली नाही. मात्र त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये. सूनबाईची आजी म्हणे मिस्सेच्या वेळी जपमाळ ओढत बसायची; वेदीपाशी काय चाललंय ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. ४ डिसेंबर १९६३ ला, आगमनकाळाच्याच पहिल्या आठवड्यात, व्हॅटिकन परिषदेनं उपासनाविधीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना दार उघडलं. त्यानंतर वसईत मराठी प्रार्थना, मराठी गायनं आली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, ‘सुबोध बायबल’ दिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. प्रोटेस्टंट घरातली मी, पण त्यांचं बायबल आमच्या कपाटात पंडिता रमाबाईंच्या भाषांतराशेजारी आहे. केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी स्वतः खिळे जुळवून छापलेलं ते भाषांतर १९२४ मध्ये पुरं बाहेर आलं. रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या. त्यांनी मुद्रितं तपासली, बांधलेलं पुस्तक त्यांच्या हातात आलं नाही.

चेचीचं वेगळंच. सिरियन ख्रिस्ती घरांत १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा नोंबू, म्हणजे उपास. मासे, मटण, अंडी बंद. दिवाळे गावाच्या मासळी बाजारात त्या दिवसांत काय ताजा माल येतो ते ज्याला माहीत आहे, त्याला या उपासाची किंमत कळेल. पर्पेटुअसनं फ्रान्समध्ये लावलेला उपास तिकडच्यांनी कधीच सोडला, आणि इथे नेरुळच्या तिसऱ्या मजल्यावर आमची चेची, नर्सबाई, रात्रपाळी करून आल्यावर कांजी नि पयर खाऊन झोपते. १९८८ मध्ये कल्याणचा सीरो-मलबार धर्मप्रांत झाला तेव्हा मुंबई-ठाणे-रायगडच्या या लोकांना आपल्या रीतीची छत्री मिळाली. त्याआधी ते सूनबाईच्यासारख्या लॅटिन रीतीच्या चर्चमध्येच जात. पण नोंबू तेव्हाही सुटला नव्हता, असं चेची सांगते.

आता थोडं मागं, गोव्याकडे. मराठीतलं पहिलं मोठं वाट पाहणं तिथं लिहिलं गेलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ साष्टीत राहिला. १६१६ मध्ये राशोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही, नंतरच्या नकलांवर आपण जगतो. लोक त्याच्या मराठीच्या गोडव्याबद्दल बोलतात आणि तिथंच थांबतात. मला त्याची रचना जास्त महत्त्वाची वाटते. दोन पुराणं आहेत. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, मरण, पुनरुत्थान. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, मात्र सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणारा येईपर्यंतच्या काळाचे: आदामाचं पाप, प्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. म्हणजे हजारो ओव्या नुसत्या वाट पाहण्याच्या! आजचा संपादक म्हणाला असता, फादर, गोठ्यापासून सुरू करा, वाचक टिकणार नाही. स्टीफन्सला ठाऊक होतं, की ज्यानं कर्ज किती आहे ते ऐकलं नाही त्याला ते फिटल्याचा आनंद होत नाही.

नारायण वामन टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ही रमाबाईंच्या बायबलासारखंच, शेवट न पाहता हातून सुटलेलं काम. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांनी थोडेच अध्याय लिहिले होते, पुढचे बहुतेक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि ग्रंथ छापून आला तो त्याही गेल्यावर, १९३८ मध्ये. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई: तिघांच्याही हातून शेवट पाहायचा राहिला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला ही खोडच आहे म्हणा.

वाट पाहण्यात आपण एकटे आहोत, असं ख्रिस्ती माणसानं समजू नये. नेरुळहून गाडीनं तासाच्या आत पनवेल. तिथं बेने इस्राएल यहुदी लोकांचं बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९ चं. कोकणातले हे शनिवार तेली. शब्बाथला घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी दिलेलं नाव. त्यांच्याकडे नवस फेडताना, लग्नात, नव्या घरात जाताना मलिदा करतात: गोड पोहे, त्यात गूळ-खोबरं, सोबत फळं, आणि एलियाहू हन्नबीच्या नावानं गाणी. एलिया संदेष्टा मेला नाही, वर उचलला गेला आणि मसीहाच्या आधी परत येणार, हा त्यांचा विश्वास. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात.

आता आमच्याकडे पाहा. ख्रिस्ती बायबलातला जुना करार संपतो तोच मलाखीच्या पुस्तकात, एलिया येईल या वचनावर. आगमनकाळाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी वाचन असतं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं, आणि लूकचं शुभवर्तमान सांगतं, की तो एलियाच्या आत्म्यानं आणि सामर्थ्यानं येणार होता. म्हणजे पनवेलच्या यहुदी घरात ज्याच्यासाठी पोहे भिजत घालतात, त्याचंच नाव वीसेक किलोमीटरवर वाशी-नेरुळच्या चर्चमध्ये त्या रविवारी घेतलं जातं. ते म्हणतात अजून यायचाय, आम्ही म्हणतो येऊन गेला, आणि तरी आमचंही पुरतं झालेलं नाही. त्यांच्यातले पुष्कळजण इस्राएलला गेले. आम्ही इथं आहोत.

“पुरतं झालेलं नाही” हा भाग समजावून सांगणं कठीण. येशू जिंकला, पाप हरलं, हे आम्ही दर ईस्टरला म्हणतो. मग वर्तमानपत्रात जे येतं ते काय? ऑस्कर कुलमन या धर्मपंडितांनी १९४६ च्या पुस्तकात महायुद्धाचा दाखला दिला: निर्णायक लढाई झाली तरी विजयदिन उगवेपर्यंत युद्ध चालूच असतं, माणसं मरतच असतात. युरोपच्या वाचकाला ते लगेच पटलं असणार. इथल्या माणसाला मी जासईचं सांगते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात दास्तान फाटा आणि नवघरला गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. लढाई तिथं जिंकली गेली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याचं तत्त्व त्यातूनच पुढे आलं. पण तत्त्व मान्य झालं त्या दिवशी कुणाच्या हाती सातबारा पडला नाही. काहींना भूखंड मिळाला, काहींच्या पोरांना मिळाला, काही अजून कागद घेऊन हिंडताहेत. तरी कुणी म्हणत नाही की चौऱ्याऐंशी साली काही घडलंच नाही. दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना वंदन होतं ते लढाई झाली म्हणून, आणि बाकी आहे म्हणूनही.

या दाखल्याला मर्यादा आहे, हे मला कळतं. भूखंड बाहेरचा कुणीतरी अडवतो. पापावरचा विजय अडवतो तो माणूस आरशात असतो. आणि इथं मला माझ्या मंडळीबद्दल बोलायलाच हवं. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले. दुष्काळांत, विशेषतः १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या, माणसं मोठ्या संख्येनं मंडळीत आली. ख्रिस्तात जात नाही हे ऐकूनच आली. लक्ष्मीबाई टिळक ब्राह्मण घरातल्या. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा, आणि मधल्या वर्षांत सोवळं कसं एकेका पायरीनं सुटलं ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या मोकळेपणानं लिहिलंय की हसूही येतं आणि लाजही वाटते. हे सगळं खरं. तरी आजही आमच्यात लग्न जुळवताना चहा झाल्यावर कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, “मूळचे कोणते तुम्ही?” पुण्यात विचारतात, नगरला विचारतात, इथे वाशीतही विचारतात. कॅथलिकांतही विचारतात, सूनबाई साक्षीला आहे. शेवटचा विजय बाकी आहे म्हणजे काय, याला मला दुसरा पुरावा लागत नाही. आणि तो येणारच आहे असं मी धरून चालते; नाहीतर त्या बैठकीत उठून बोलायचं बळ कुठून आणायचं? मुलाच्या वेळी मी बोलले होते. चहा तसाच राहिला, सोयरीक मोडली. वसईचं स्थळ त्यानंतरचं.

इतक्या रीती एका ठिकाणी आल्यावर खटके उडणारच, आणि ते बहुधा गाण्यांवरून उडतात. सूनबाईच्या चर्चमध्ये आगमनकाळाच्या रविवारी ‘ग्लोरिया’ गात नाहीत. तो नाताळच्या रात्रीसाठी राखलेला. तिचं म्हणणं, कॅरलही तोवर थांबायला हवीत. आमच्या तरुण संघाचं म्हणणं वेगळं: घरं पसरली आहेत ऐरोलीपासून पनवेलपर्यंत, मुलं नोकरी करून रात्री आठनंतर मोकळी होतात, सोसायट्यांच्या गेटवर परवानगी काढावी लागते. नाताळच्या रात्रीपर्यंत थांबलो तर अर्ध्या घरांना कॅरल फेब्रुवारीत ऐकू येईल. आणि सोसायटीचा ‘ख्रिसमस कार्यक्रम’ तर वीस तारखेच्या आसपासच उरकतो, तिथं ‘जिंगल बेल्स’ला कोण अडवणार? चेची मध्ये पडत नाही. तिला एवढंच हवं असतं, की कॅरलवाल्यांसाठी ठेवलेल्या केकमध्ये अंडं नसावं. नोंबू सुटलेला नसतो.

प्युरिटनांची मी नात, पण मत मात्र सूनबाईला देते. पहिले तीन रविवार टिळकांची, कृष्णराव सांगळ्यांची तारणाची आणि प्रभूच्या पुनरागमनाची गीतं गावीत, गोठ्याची गाणी १७ डिसेंबरनंतर, असं मी सुचवलं. जुन्या रोमन रीतीतही त्या तारखेपासून शेवटच्या आठवड्याची खास गायनं सुरू होतात, हेही सांगितलं. तरुण संघाच्या सेक्रेटरीनं नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काकू, तारखा छापून झाल्या.” यादीत एक नवं नाव आहे, उलवे. २५ डिसेंबर २०२५ ला, नेमक्या नाताळच्या दिवशी, तिथल्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. २०१८ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हापासून लोक वाट पाहत होते. आमची तीन-चार कुटुंबं तिकडे राहायला गेली आहेत. त्यांची पाळी तेवीस तारखेला, शेवटची, आणि गाणी कोणती हवीत ते त्यांनी स्वतः कळवावं, असं ठरलंय.